इंग्रजीतील उसने शब्द कसे शिकावेत: नव्या वाचकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कागल, राधानगरी, गडहिंग्लज किंवा आजरा अशा तालुक्यांतून मराठी माध्यमाचे शिक्षण पूर्ण करून पदवीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी कोल्हापुरात येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना जी अडचण येते, ती बहुधा व्याकरणाची नसते. वाक्याची रचना त्याला कळते. पण मध्येच एखादा असा शब्द येतो, की ज्याचे स्पेलिंग पाहून उच्चार लागत नाही, उच्चार ऐकून स्पेलिंग सुचत नाही आणि शब्दाच्या कोणत्याही भागावरून अर्थाचा अंदाज बांधता येत नाही. असे शब्द बहुतेक वेळा इंग्रजीने दुसऱ्या भाषेतून घेतलेले असतात. इंग्रजीचे कोश उघडले तर त्यांत मूळच्या इंग्रजी शब्दांपेक्षा फ्रेंच, लॅटिन आणि ग्रीकमधून आलेल्या शब्दांचीच संख्या जास्त भरते, आणि त्यांच्या जोडीला अरबी, पोर्तुगीज, जपानी व आपल्या भारतीय भाषांतील शब्दही आहेत. म्हणून अवघड शब्द समोर आला की पाठांतराला लागण्यापूर्वी त्याला आधी त्याचे गाव विचारावे. गाव कळले की उच्चार, स्पेलिंग, अनेकवचन आणि अर्थ या चारही गोष्टी पुष्कळ सोप्या होतात. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

वही आणि कोश

एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक शब्दासाठी अर्धे पान राखून ठेवावे. त्यावर शब्दाचे स्पेलिंग, देवनागरीत लिहिलेला उच्चार, मूळ भाषा, त्या भाषेतील अर्थ, इंग्रजीतील आजचा अर्थ आणि शब्द जिथे भेटला ते संपूर्ण वाक्य, अशा नोंदी कराव्यात. शेवटची नोंद बहुतेक विद्यार्थी वगळतात. पण माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे, कारण शब्द कोणाबरोबर वावरतो, कोणत्या प्रसंगी येतो आणि त्यात स्तुती आहे की निंदा, हे कोशातील अर्थापेक्षा वाक्यातूनच अधिक स्पष्ट होते.

कोश दोन प्रकारचे लागतात. आजचा अर्थ आणि उच्चार पाहण्यासाठी, शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश पुरेसा आहे. २०२० मध्ये निघालेल्या त्याच्या दहाव्या आवृत्तीत ‘चाळ’, ‘डबा’, ‘हरताळ’ यांसारखे आपले शब्दही इंग्रजी शब्द म्हणून समाविष्ट झाले आहेत. शब्दाचे मूळ पाहण्यासाठी मात्र व्युत्पत्तिकोश हवा, आणि तो इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. भारतीय भाषांतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ अजूनही उपयोगी पडतो, जरी त्यातील काही व्युत्पत्ती आज मागे पडल्या असल्या तरी. त्याच्या जोडीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ठेवावा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची आहे. हे दोन्ही जुने कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतात. छापील कोश हाताळायचे असतील तर १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, या दोन जागा शहरात आहेतच. जो विद्यार्थी मोबाइलवर सहज भटकतो, त्याने सुरुवातीचे काही आठवडे तरी छापील कोशासमोर बसावे, कारण त्यात शोधलेल्या शब्दाच्या वरखाली असलेले त्याचे भाऊबंदही नजरेस पडतात.

आपल्याकडून गेलेले शब्द आधी

सुरुवात परक्या शब्दांपासून न करता आपल्याकडून गेलेल्या शब्दांपासून करावी. कोल्हापूरच्या गुळापासूनच आरंभ करू. गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी पोर्तुगिजांकडून घेतला, पोर्तुगिजांनी तो दक्षिण भारतातील भाषांतून उचलला आणि त्या भाषांतील शब्दाचे मूळ संस्कृत ‘शर्करा’ हे आहे. हीच ‘शर्करा’ दुसऱ्या वाटेने, म्हणजे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ आणि पुढे लॅटिन व फ्रेंच असा प्रवास करीत इंग्लंडमध्ये पोचली, तेव्हा तिची ‘शुगर’ झाली. तिसरी वाट ग्रीकमधून गेली आणि त्या ग्रीक शब्दावरून १८७९ मध्ये शोधल्या गेलेल्या कृत्रिम गोड पदार्थाला ‘सॅकरीन’ हे नाव मिळाले. आपल्या घरी मात्र तिने प्राकृतातून येऊन ‘साखर’ हे रूप घेतले. ‘कँडी’ हा शब्दही याच बाजारातला आहे; त्याचे मूळ संस्कृत ‘खंड’, म्हणजे खडा किंवा तुकडा, आणि तो फारसी ‘कंद’ व अरबी यांच्यामार्फत फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. आपल्या ‘खडीसाखर’ या एका शब्दात ‘कँडी’ आणि ‘शुगर’ या दोहोंचे अर्थ शेजारी शेजारी बसलेले आहेत. हे पाच शब्द वहीत एकाच पानावर लिहावेत आणि त्यांच्या वाटा बाण काढून दाखवाव्यात. असे एक पान नीट तयार केले की उसना शब्द कसा फिरतो याची कल्पना कायमची पक्की होते.

इंग्रजीतील ‘मंगूस’ हा तर आपल्या ‘मुंगूस’ या मराठी शब्दावरूनच आलेला आहे. म्हणूनच त्याचे अनेकवचन ‘मंगूसेस’ असे होते. ‘गूस’ या पक्ष्याचे अनेकवचन ‘गीज’ होते, त्यावरून काही विद्यार्थी ‘मंगीज’ असे रूप बनवतात; पण मुंगसाचा त्या पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही. ‘कॉट’ म्हणजे आपली खाट, ‘लूट’ म्हणजे लूट, हे शब्द लगेच ओळखू येतात. ‘शॅम्पू’ मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, आणि इंग्रजीत आरंभी या शब्दाचा अर्थ अंग रगडणे असाच होता. साके दीन महोमेद या भारतीय गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे जी शॅम्पूची स्नानगृहे चालवली, ती मालिशाचीच होती. केस धुण्याचा अर्थ नंतर आला. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून ‘जगरनॉट’ हा शब्द झाला आणि वाटेत येईल ते चिरडत जाणारी, कोणालाही न आवरणारी शक्ती, असा त्याचा अर्थ ठरला. एखाद्या पक्षाच्या निवडणूक प्रचाराला इंग्रजी वर्तमानपत्र ‘जगरनॉट’ म्हणते तेव्हा त्यात देवाचा किंवा भक्तीचा कोणताही उल्लेख नसतो. मूळ अर्थ आणि आजचा अर्थ हे दोन वेगळे रकाने का ठेवायचे, ते या दोन शब्दांवरून ध्यानात यावे.

गणिताच्या विद्यार्थ्याने ‘साइन’ या शब्दाची नोंद अवश्य करावी. आपल्या प्राचीन गणितज्ञांनी धनुष्याच्या दोरीवरून ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ ही संज्ञा वापरली होती. अरबांनी ‘जीवा’ हा शब्द ध्वनी राखून ‘जीबा’ असा घेतला. पण अरबी लेखनात स्वर पूर्णपणे दाखवले जात नसल्यामुळे पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला, ज्याचा अर्थ वस्त्राची घडी किंवा खोळ असा होतो. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर करणाऱ्यांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ हा लॅटिन शब्द ठेवला आणि त्यातून ‘साइन’ आला. आपल्या भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाला आजही ‘जीवा’च म्हणतात, म्हणजे मूळ शब्द शाळेच्या दप्तरात आहे आणि त्याचा दूरदेशी बदललेला नातू त्याच दप्तरात शेजारच्या पुस्तकात आहे. ‘शून्य’ या शब्दाचे निराळे झाले. त्याचा ध्वनी अरबांनी घेतला नाही, अर्थ घेतला. रिकामे या अर्थाचा त्यांचा ‘सिफ्र’ हा शब्द त्यांनी वापरला आणि त्याच एका शब्दातून युरोपात ‘झीरो’ आणि ‘सायफर’ असे दोन शब्द निघाले.

इथेच एक सावधगिरी शिकून घ्यावी. ध्वनी जुळला म्हणजे शब्द उसना घेतला गेला असे सिद्ध होत नाही. ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द ‘नवगती’वरून आला, असा मजकूर मोबाइलवर सतत फिरत असतो, तो खरा नाही. तो शब्द लॅटिनमधील जहाज आणि हाकणे या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनलेला आहे. त्यातील जहाजवाचक शब्द आणि संस्कृत ‘नौ’ यांचे नाते मात्र खरे आहे, कारण संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच प्राचीन भाषेतून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडले आणि पुढील अभ्यासाने ते पक्के झाले. ‘पितृ’ आणि ‘फादर’, ‘दंत’ आणि ‘डेंटल’ या जोड्या अशाच सख्ख्या-चुलत भावंडांच्या आहेत. त्यांत कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. वहीत अशा जोड्यांपुढे ‘सजातीय’ असे लिहावे आणि ‘जॅगरी’सारख्या शब्दांपुढे ‘उसना’ असे लिहावे.

स्पेलिंगवरून मूळ ओळखणे

पुढची पायरी सर्वांत उपयोगी आहे, म्हणून तिच्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. ‘सी-एच’ ही जोडी घ्या. मूळच्या इंग्रजी आणि फार पूर्वी फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत तिचा उच्चार ‘च’ होतो: चाइल्ड, चिकन, चेंबर. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत ‘क’ होतो: केमिस्ट्री, कोरस, केऑस, आर्किटेक्ट. अलीकडच्या शतकांत फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत ‘श’ होतो: मशीन, पॅराशूट, शोफर. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हे दोन शब्द शेजारी ठेवले तर हा नियम डोळ्यांसमोर उभा राहतो, कारण दोन्ही फ्रेंचमधील एकाच शब्दापासून आले आहेत. एक मध्ययुगात आला आणि त्याने त्या वेळचा ‘च’ राखला, दुसरा एकोणिसाव्या शतकात आला तेव्हा फ्रेंच उच्चार बदलून ‘श’ झाला होता. एवढा एक नियम नीट कळला तरी कितीतरी शब्द मोठ्याने वाचताना अडखळावे लागत नाही.

शब्दाच्या शेवटी येणारा आणि न उच्चारला जाणारा ‘टी’ ही फ्रेंचची दुसरी खूण आहे, आणि तिच्याबाबत कोल्हापूरकर आधीच तरबेज आहेत. लग्नात ‘बुफे’ जेवण असते, सत्काराला ‘बुके’ दिला जातो आणि एसटी ‘डेपो’तून सुटते, या तिन्ही शब्दांच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘टी’ आहे, तरी फ्रेंच न शिकता आपण सर्वजण तो बरोबर गाळतो. उलट ‘तिकीट’ आणि ‘मार्केट’ हे शब्दही मुळात फ्रेंचकडूनच आलेले असून त्यांचा ‘ट’ स्पष्ट उच्चारला जातो, कारण ते इंग्रजीत बरेच आधी आले आणि पुरते इंग्रजी होऊन गेले. ‘तिकीट’ आणि शिष्टाचार या अर्थाचा ‘एटिकेट’ हे दोन्ही चिठ्ठी किंवा लेबल या अर्थाच्या एकाच फ्रेंच शब्दापासून निघाले आहेत, हेही टिपून ठेवावे. मात्र जपावे: वाऱ्याने किंवा लाटांनी तडाखे देणे या अर्थाचे क्रियापद अगदी ‘बुफे’सारखेच लिहिले जाते आणि ‘बफिट’ असे उच्चारले जाते.

आरंभीचा मुका ‘पी’ दिसला, जसा सायकॉलॉजी किंवा न्यूमोनिया यांत दिसतो, तर शब्द ग्रीक समजावा. ‘एफ’च्या जागी ‘पी-एच’ असेल तरीही ग्रीकच. ‘अल’ने आरंभ होणारे अल्जिब्रा, अल्गोरिदम, अल्कोहोल, अल्कली हे शब्द अरबी आहेत आणि त्यांतील ‘अल’ हा अरबीतील उपपद आहे. पण ‘अल’ दिसला की अरबी, असे सरसकट मानू नये, कारण ‘ॲलिबाय’ आणि ‘अल्युम्नाय’ लॅटिन आहेत. ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दातील मुका ‘बी’ वेगळ्याच कारणाने आला. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो ‘बी’ नव्हता. लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी मूळ लॅटिन शब्दाची आठवण राहावी म्हणून तो नंतर घातला. पतसंस्थेच्या पासबुकात ‘डेबिट’ हा शब्द असतो, तो त्याच लॅटिन शब्दावरून आलेला आहे. ‘डेट’चे स्पेलिंग लिहिताना ‘डेबिट’ आठवावा, म्हणजे तो ‘बी’ कधीही गळणार नाही.

कोर्टकचेरीतील लॅटिन

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे इथे चालू लागली. त्यामुळे विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनाच नव्हे, तर साध्या बातम्या वाचणाऱ्यालाही लॅटिन शब्दांची गरज आता अधिक भासते. घटनेच्या अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालय जे आदेश काढते, त्यांतील ‘हेबिअस कॉर्पस’चा शब्दार्थ ‘देह हजर करावा’, ‘मँडॅमस’चा ‘आम्ही आज्ञा करतो’ आणि ‘क्वो वॉरंटो’चा ‘कोणत्या अधिकाराने’ असा आहे. शब्दार्थ कळला की तो आदेश कशासाठी असतो, हे पाठ करावे लागत नाही: बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणवण्यासाठी पहिला, कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला ते करायला लावण्यासाठी दुसरा, आणि अधिकार नसताना पद बळकावणाऱ्याला जाब विचारण्यासाठी तिसरा.

मराठी वाचकाला या शब्दांत एक मोठी सोय आहे. आपले कितीतरी प्रतिशब्द लॅटिनचा अर्थ अक्षरशः जुळवून देतात. ‘पर कॅपिटा’ म्हणजे डोक्यामागे, आणि आपण ‘दरडोई’ म्हणतो. ‘ॲड हॉक’ म्हणजे त्यासाठी, आणि आपला शब्द ‘तदर्थ’. ‘प्रायमा फेशी’ला आपण ‘प्रथमदर्शनी’ म्हणतो. ‘स्टेटस को’ राखण्याचा आदेश मराठी बातमीत ‘जैसे थे’ होतो. म्हणून लॅटिन शब्द शिकताना आधी मराठी प्रतिशब्द लिहावा, त्याची फोड करावी आणि मग लॅटिन शब्द त्याच्याशी जोडावा. हा उलटा क्रम इतर भाषांच्या शब्दांना इतका चांगला लागू पडत नाही, पण लॅटिनला फार छान लागू पडतो.

‘बोनाफाईड’ हा शब्द तर प्रत्येक विद्यार्थ्याने कॉलेजच्या कार्यालयात उच्चारलेला असतो. मराठीत त्याचा अर्थ एक दाखला असा झाला आहे. लॅटिनमध्ये ‘बोना फिडे’ म्हणजे सद्भावनेने, प्रामाणिकपणे. इंग्रजीत ते खरा, अस्सल या अर्थाचे विशेषण आहे आणि त्याचा रूढ इंग्रजी उच्चार ‘बोना फायडी’ असा आहे. इंग्रजीत बोलताना ‘मला बोनाफाईड हवे आहे’ याचे शब्दशः भाषांतर केले तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही. ‘बोना फायडी सर्टिफिकेट’ असेच पूर्ण म्हणावे लागेल.

मराठीत येऊन बदललेले इंग्रजी शब्द

वरील उदाहरणावरून पुढील पायरी आपोआप सुचते. जे इंग्रजी शब्द आपण रोज मराठीत वापरतो, त्यांची वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळी यादी करावी, कारण ओळखीचे वाटल्यामुळे त्यांचा अर्थ कोशात पाहण्याचे कोणाला सुचत नाही. आपण ‘हॉटेलात’ मिसळ खातो. इंग्रजीत ‘हॉटेल’ ही मुख्यतः मुक्कामाची जागा असते. आपल्या कॉलेजात ‘गॅदरिंग’ होते. इंग्रजीत त्या शब्दाने नुसती माणसे जमल्याचे कळते, वार्षिक स्नेहसंमेलनाचे नाही. चौकात ‘डिजिटल’ लावले असे कोल्हापुरात म्हणतात ते शुभेच्छांच्या मोठ्या छापील फलकाबद्दल, आणि बाहेरच्या इंग्रजी बोलणाऱ्याला ते समजण्याचा मार्ग नाही. ‘मी २०२४ ला पासआउट झालो’ हे वाक्य तसेच इंग्रजीत नेले तर परदेशी माणूस भोवळ येऊन पडल्याचे समजण्याची शक्यता आहे; मुलाखतीत ‘ग्रॅज्युएट’ हे क्रियापद वापरावे. हे शब्द मराठीत चुकीचे आहेत असे मुळीच नाही. मराठीत ते आता मराठीच आहेत. फक्त इंग्रजीत परत नेताना त्यांचा अर्थ तपासून न्यावा.

अनेकवचनाबाबत थोडक्यात. लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले काही शब्द आपले जुने अनेकवचन सोबत आणतात: ‘क्रायटेरिअन’चे ‘क्रायटेरिया’, ‘फिनॉमिनन’चे ‘फिनॉमिना’, ‘क्रायसिस’चे ‘क्रायसीझ’. ‘मी या महाविद्यालयाचा अल्युम्नाय आहे’ असे एकट्याने म्हणू नये, कारण ते अनेकवचन आहे. एकटा माजी विद्यार्थी ‘अलम्नस’ आणि माजी विद्यार्थिनी ‘अलम्ना’. ‘अजेंडा’ मात्र लॅटिनमध्ये अनेकवचन असूनही इंग्रजीत पूर्णपणे एकवचन झाला आहे.

नवे आणि दुर्मीळ शब्द

एवढा पाया झाल्यावरच दुर्मीळ शब्दांकडे वळावे. जपानी शब्दांत घटक सुटे करून पाहावेत: ‘त्सुनामी’ म्हणजे बंदरातील लाट, ‘इमोजी’मधील ‘इ’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर, म्हणून भावनावाचक ‘इमोशन’शी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, आणि आपली ‘रिक्षा’ मुळात ‘जिनरिकिशा’, म्हणजे माणसाच्या बळावर चालणारे वाहन, या शब्दातून ‘जिन’ म्हणजे माणूस गळून उरलेली आहे. जर्मनमधून आलेल्या ‘किंडरगार्टन’चा अर्थ मुलांची बाग, फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या शाळेला ते नाव दिले. ‘सेरेंडिपिटी’, म्हणजे न शोधता अवचित चांगले काही हाती लागणे, हा शब्द हॉरेस वॉलपोल यांनी १७५४ मधील एका पत्रात श्रीलंकेच्या ‘सेरेंदीप’ या जुन्या फारसी नावावरून घडवला.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या मातीला येणाऱ्या वासासाठी इंग्रजीत ‘पेट्रिकॉर’ हा शब्द आहे. तो इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दगड आणि देवांच्या अंगातील रस या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तयार केला. त्यात ‘सी-एच’ आहे आणि मूळ ग्रीक आहे, म्हणून उच्चार ‘क’ होतो, हे आता वेगळे सांगावे लागू नये. असा शब्द वाचताना ओळखता आला पाहिजे. पण अर्जात, निबंधात किंवा मुलाखतीत तो मुद्दाम पेरू नये, कारण परीक्षकाला वाक्याची स्वच्छता हवी असते, आणि मराठीत लिहिताना तर ‘मृद्गंध’ हा सुंदर शब्द आपल्याजवळ आहेच.

दिवसाला तीन-चार शब्दांपेक्षा जास्त शब्द घेऊ नयेत, आणि आठवड्याच्या शेवटी नवे शब्द न घेता केवळ जुनी पाने उलटून एकाच मुळाचे शब्द एकमेकांना जोडावेत. कोशांत मतभेद आढळतील. ‘टँक’ हा शब्द गुजराती-मराठीतील ‘टाके’, ‘टाकी’ यांवरून आला की पोर्तुगिजातील तळ्याच्या नावावरून, की दोन्ही एकमेकांत मिसळले, याबाबत कोश एकमताने बोलत नाहीत. ‘व्हरांडा’चेही तसेच आहे. कोशकार ‘बहुधा’ किंवा ‘कदाचित’ असे लिहितो तेव्हा तो शब्द वहीतही उतरवावा, दोन्ही मते नोंदवावीत आणि पुढे प्रश्नचिन्ह करून जागा मोकळी सोडावी. पुढे कधी दुसऱ्या कोशात अधिक माहिती मिळाली तर ती त्याच जागी तारखेसह लिहिता येते.